दोन रेघांमधली जागा

मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी, वसराम पवारच्या पाठीचा नवा एमआरआय जुन्या आराखड्यावर बसवून पाहताना, डॉक्टर ओमप्रकाश आडेला प्रथम एवढेच जाणवले की खोलीतल्या एसीचा आवाज थांबला आहे. तो थांबला नव्हता. थंड हवा मानेवर येत होती, भिंतीपलीकडे किरणोपचाराचे मशीन आपला संथ, घुमणारा स्वर सोडीत होते. फक्त ऐकण्याचे काम कुणीतरी त्याच्याकडून काढून घेतले होते. पडद्यावर नवव्या मणक्याचा आडवा काप होता. करडे हाड, त्यामागे मज्जारज्जूचा लहानसा गोल, आणि त्या दोहोंच्या मध्ये दोन रेघा. हिरवी रेघ सॉफ्टवेअरने काढलेली होती: कर्करोगाची गाठ जाळायची तर किरण इथपर्यंत गेले पाहिजेत, असे सांगणारी. तांबडी त्याची स्वतःची, हिरवीच्या आत, मज्जारज्जूपासून दूर सरकवलेली. सात महिन्यांपूर्वी किरण तांबडीपर्यंतच गेले होते. दोन रेघांमध्ये दोन मिलिमीटर जागा होती. नव्या चित्रातला पांढरा डाग त्या जागेत उगवला होता आणि तिथून मज्जारज्जूवर कलला होता. तांबड्या रेघेच्या आत सारे विझलेले, निमूट होते. हिरवीच्या बाहेर, त्या कललेल्या कडेखेरीज, काही नव्हतेच. त्याने माउसचे चाक फिरवले. काप सरकत गेले, वरचा, त्याच्या वरचा, पुन्हा खालचा. अकरा कापांत डाग होता आणि अकराही कापांत त्याचे मूळ त्याच जागेत होते. एखाद्या जमिनीच्या मोजणीत दोन हद्दींमधली चिंचोळी पट्टी कुणाच्याच नावावर लागत नाही आणि तिथे काटेरी झुडूप माजते, तसा तो माजला होता. आता आपल्याला काहीतरी वाटायला हवे, असा विचार त्याच्या मनात आला. तो वाट पाहत बसला. काही वाटले नाही. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि जागा मोजली. दोन मिलिमीटर. दोन पूर्णांक शून्य एक.

ऑगस्टमधली ती सकाळ त्याला रंगांसकट आठवत होती. वसरामचे एक मूत्रपिंड कर्करोगामुळे आधीच काढून टाकले होते. आता तोच आजार पाठीच्या मणक्यात उतरला होता. तीन बैठकांत, बारीक आणि जोरकस किरणांनी मणक्यातली गाठ जाळायची होती. त्यासाठी सॉफ्टवेअर प्रत्येक कापावर आधी आपली रेघ काढून देई, डॉक्टरने ती तपासायची, हवी तर सुधारायची, मग मान्य करायची. शेजारच्या खुर्चीवर निता होती. किरणांची मात्रा गणिताने ठरवणारी, किरणोपचार केंद्रातली भौतिकशास्त्रज्ञ, जिच्या बोलण्याला नेहमी एक कोरडी धार असे. त्याने माउसने पडद्यावरचा ब्रश उचलला, हिरवी रेघ मज्जारज्जूच्या बाजूने आत ढकलायला सुरुवात केली, आणि ती चहाचा घोट घेत म्हणाली होती, "सर, तुमच्या हातात ब्रश दिला की गाठ आपोआप बारीक होते. एवढ्यानं भागत असतं तर एवढं मोठं मशीन कशाला घेतलं असतं आपण?" तो हसला होता. केंद्रात सगळ्यांनाच ठाऊक होते की आडे सर मज्जारज्जूला भितात. किरण तिथे जरा जास्त पडले तर माणसाचे पाय कायमचे जातात. म्हणून सॉफ्टवेअर जिथे सांगेल त्याच्याही आत तो थांबे. कुणाच्या बाबतीत एक मिलिमीटर, कुणाच्या बाबतीत दीड. वसरामच्या बाबतीत दोन. तो फरक त्याने त्या सकाळी कुणाला समजावून सांगितला नव्हता. स्वतःलाही नाही.

कारण वसराम हा कुणीतरी रुग्ण नव्हता. कळमनुरीच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, एका माळाच्या उतारावर ओमप्रकाशचा तांडा होता, आणि त्याच उताराच्या दुसऱ्या टोकाला वसरामचा. ओमप्रकाशचा बाप प्रेमसिंग आणि वसराम एकाच वर्षी ऊसतोडीला गेले होते, एकाच बैलगाडीच्या दोन चाकांशी निजले होते. उपचाराआधी वसरामच्या अंगाभोवती हवा ओढून घट्ट होणारी गादी बसवत असताना, म्हणजे त्याचे शरीर रोज त्याच जागी पडावे म्हणून त्याचा साचा घेत असताना, तो पाठीवर पडल्यापडल्या बोलत राहिला होता. "ही तर गोणी झाली रे. माजा आजा लदेणीवर जायचा, बैलावर मीठ लादून. तो म्हनायचा, गोणी कण्यावर टेकू देऊ नगं. दोन्ही अंगाला भार घाल, पन मंधी दोन बोटं जागा मोकळी सोड. कना गेला की बैल गेला." मग छताकडे पाहत, एकाएकी आवाज खाली आणून, "रेघा मशीन काढतंय म्हनं?" ओमप्रकाशने सांगितले होते की मशीन हजारो लोकांच्या पाठी पाहून शिकलेले आहे.  "त्या हजारात मी हाये का?" वसरामने विचारले होते. ओमप्रकाश गादीच्या कडा दाबून बसवत राहिला होता. "तू काढ," वसराम म्हणाला होता. "मशीन कोनाचंच नसतंय. तू तुज्या हातानं काढ. प्रेमसिंगचा पोरगा हायेस तू."

आणि त्याने हाताने काढली होती. हात कुणाचा असतो, हा प्रश्न आता त्याच्यासमोर पडद्यावरच्या कापासारखा सपाट पडून होता. तो ब्रश धरणारा हात वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला नव्हता. त्याच्या कितीतरी आधी, आठव्या वर्षी, तो शिकून बसला होता. शेळ्यांसाठी पाला तोडताना प्रेमसिंग कडुलिंबावरून पडला तेव्हा आवाज झाला नव्हता, निदान ओमप्रकाशच्या आठवणीत तरी नाही. नंतरची अकरा वर्षे होती. कणा मोडून बाजेवर पडलेल्या बापाचे दोन पाय, दरवर्षी अधिक बारीक, अधिक गुळगुळीत होत गेलेले, जणू ते हळूहळू दुसऱ्याच कुणा लहान मुलाचे होत चालले होते. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी त्या पायांना तेल चोळण्याचे काम ओमप्रकाशचे. घोट्यापासून वर, पोटऱ्या, गुडघे, मांड्या. चोळताना तो दर वितीवर विचारी, "बा, इथं कळतंय का?" आणि प्रेमसिंग कुडाकडे पाहत म्हणे, "थोडं थोडं." रोज. अकरा वर्षे, थोडे थोडे. त्या उत्तरावर मूल शाळेत जाई, धडे पाठ करी, परीक्षा देई. बारावीच्या वर्षी एका सकाळी तेलाची वाटी उपडी झाली, कढत तेल बापाच्या मांडीवर सांडले, कातडी तांबडी होऊन उचलली गेली, आणि प्रेमसिंग कुडाकडे पाहत राहिला. ओमप्रकाशने तेव्हा काही विचारले नाही. संध्याकाळी प्रेमसिंग स्वतःहून म्हणाला, "जरा जळजळतंय." त्या वाक्याइतके एकटे वाक्य त्याने पुढे कधी ऐकले नाही. पुढे मज्जारज्जूची शरीररचना शिकताना, वर्गातल्या उजेडात त्या पांढऱ्या दोरीचे चित्र पाहताना, त्याच्या तळहाताला नेहमी तेलाचा बुळबुळीतपणा जाणवे. आणि सात महिन्यांपूर्वी हिरवी रेघ आत ढकलताना तोच बुळबुळीतपणा माउसवर होता. त्याने तेव्हा जे केले त्याला तो काळजी म्हणत होता. भीतीला त्याच्या हातात इतक्या वर्षांत दुसरे नाव मिळालेच नव्हते.

निता कधी येऊन मागे उभी राहिली होती कळले नाही. ती बराच वेळ पडद्याकडे पाहत होती, आणि या वेळी तिने विनोद केला नाही. "नांदेडच्या सर्जनचा फोन होता," ती म्हणाली. "म्हणाले, ताबडतोब आणा, आजच मज्जारज्जूवरचा दाब काढतो. सूज उतरायचं इंजेक्शन देऊन ठेवा म्हणाले. आणि बधिरपणा कुठपर्यंत आलाय त्याची खूण करून घ्या. वाटेत तो वर सरकला तर हातात वेळ फार थोडा उरला असं धरा." तो मानेने हो म्हणाला. तिने खुर्ची ओढली, पण बसली नाही. "आपला जुना आराखडा त्यांना हवाय. सर, पाठवताना नेहमी अंतिम रेघच जाते. मशीनची मूळ सूचना वेगळी टिकवून ठेवलेली असते, ती मुद्दाम जोडली तरच जाते." मग थोडे थांबून, "शंभरातल्या दहा-बाराजणांत असं उलटतंच. तुमच्या रेघेमुळंच झालं असं कुणी सिद्ध करू शकणार नाही." तिच्या आवाजात दया होती, आणि ती दया खरी होती, म्हणूनच तिच्याकडे पाहणे त्याला जमले नाही. "हिरवी ठेवू की काढू?" तिने विचारले. त्याने टेबलावरची टाचणी उचलली, कातडीवर खुणा करायचे जांभळे पेन उचलले. "आधी पेशंट बघून येतो," तो म्हणाला. वाक्य बरोबर होते. त्याचा आवाजही रोजचाच होता. कॉरिडॉरमधून चालताना आपली पावले फरशीवर पडत आहेत याची खात्री करून घ्यावी असे त्याला दोनदा वाटले.

तपासणीच्या खोलीत हळदीचा वास होता. वसराम टेबलावर उताणा पडला होता, धोतर मांड्यांपर्यंत वर घेतलेले, आणि त्याचे तळवे घोट्यापर्यंत पिवळे होते. उजव्या तळव्यावर फुटलेला फोड होता, रुपयाएवढा, कडा पांढऱ्या पडलेला. शेजारी त्याची बायको बेबीबाई उभी होती, हातांतल्या पांढऱ्या बलिया बांगड्यांवर पदराचे टोक गुंडाळीत. "कुरुंद्याला मेव्हन्याकडं हळद शिजवायला गेले होते," ती म्हणाली. "कुकरमदून काढलेली गरम हळद अंगनात पसरून राहिले होते अनवानी. वाफा निघत होत्या दादा, वाफा. आन हे तिच्यावरून चालत गेले, परत चालत आले. संदीपारी पाय धुताना मला फोड दिसला. म्या म्हनलं, काहून बोलले न्हाई? तर म्हनतेत, कायी झालंच न्हाई." वसराम टेबलावरून हसला. "सोन्याचे पाय झाले बग ओमप्रकाश. फकस्त माजे हायेत का कोनाचे, ते समजून न्हाई राहिलं. चार दिस झाले. कालपून तर उचलतच न्हाईत." ओमप्रकाशने इंजेक्शन दिले. त्याला बोलायचे होते, पण आधी शरीराची तपासणी करायची असते, आणि तपासणीत माणूस लपून राहू शकतो. त्याने टाचणी घेतली.

अंगठ्यापासून सुरुवात केली. "इथं कळतंय का, काका?" वसरामने डोळे मिटले होते, तसे सांगितलेच होते त्याला. "न्हाई." घोटा. "न्हाई." पोटरीवर तो थांबला, आणि मग वसरामच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले, एक मेहनतीची, ओळखीची सुरकुती. "थोडं थोडं," वसराम म्हणाला. ओमप्रकाशने टाचणी हवेत धरली. ती पायाला लागलेली नव्हती. "आणि इथं?" त्याने विचारले. "व्हय, थोडं." "इथं?" "तितं बी, थोडं थोडं." टाचणी हवेतच होती. बेबीबाई ती पाहत होती, तिने ओठ आत ओढून घेतले. त्या एका क्षणात खोली खूप जुनी झाली. कुड, बाज, शाळेचे दप्तर, तेलाची वाटी, सारे कुणीतरी आणून नीट रचून ठेवल्यासारखे. वसराम त्याच्यासाठी खोटे बोलत होता. प्रेमसिंगच्या पोराने केलेले काम वाया गेले असे त्याला वाटू नये, म्हणून एक म्हातारा माणूस आपल्या मेलेल्या पायांत त्याच्यासाठी थोडेसे थोडेसे प्राण ठेवत होता. ओमप्रकाशने टाचणी खाली घेतली. "काका, डोळे उघडा," तो म्हणाला.

वसरामने डोळे उघडले. "मी टाचणी टोचलीच नव्हती."  "तुमी मला खरं सांगा. त्याआधी मी सांगतो." आपण तांड्याकडच्या बोलीत सरकलो आहोत हे ओमप्रकाशला कळत होते. "गाठ पुन्हा आली. मागल्या वेळी जिथं किरण पोचले न्हाईत, तिथंच आली. मशीननं रेघ बराबर काढली होती. मी ती आत घेतली. कण्यापासून दोन बोटं जागा सोडावी तशी मी जागा सोडली, आन त्या जागेत ती वाढली. मशीनचं ऐकलं असतं तर बहुतेक आली नसती. चूक माझी हाये." सांगून झाल्यावर हलके वाटते असे लोक म्हणतात. त्याला फक्त आपल्या जिभेचे वजन जाणवले. बेबीबाईने वसरामकडे पाहिले, मग ओमप्रकाशकडे, आणि पदर सोडून ती दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून उभी राहिली. "मग आमाला काहून म्हनले होते का मी सोता लक्ष घातलं म्हनून?" तिने विचारले. "घातलं होतं काकी. म्हणूनच झालं." ती भिंतीकडे वळली. पाठमोरीच म्हणाली, "शिकवून साहेब केलं तांड्यानं. वर्गनी करून." त्यात शिव्याशाप नव्हते, ते नुसते एक घडलेले सांगणे होते, आणि ते त्याच्या अंगावरून गेले, टाचणी पिवळ्या पायावरून गेली तसे, कुठेही न लागता. लागले नाही हेच त्याने पाहिले.

वसराम छताकडे पाहत होता. तसाच पाहत तो म्हणाला, "प्रेमसिंगला पाहून भेलास तू." ओमप्रकाशने टाचणी कापसाने पुसली. "मी बी भेलतो. म्हनून तर तुला हातानं काढ म्हनलो." मग त्याने डोळे मिटून घेतले, हनुवटी जराशी वर केली, न्हाव्यापुढे करतात तशी. "लाव आता टाचनी. खरं सांगतो." ओमप्रकाशने पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली. न्हाई. न्हाई. न्हाई. गुडघा, मांडी, जांघ. न्हाई. बेंबी. न्हाई. प्रत्येक नकार छोटा, कोरडा, मोजलेला होता, आणि प्रत्येकाबरोबर ओमप्रकाशला आपल्या बापाच्या एकेका सकाळचे उत्तर परत मिळत होते, उशिरा, दुसऱ्याच्या तोंडून. बेंबीच्या वर दोन बोटांवर वसरामचा श्वास अडला. "हितं. हितं टोचलं." ओमप्रकाशने तिथे जांभळ्या पेनाने रेघ ओढली, एका बरगडीपासून दुसऱ्या बरगडीपर्यंत, आणि कडेला वेळ लिहिली: १.४०.  आयुष्यात त्याने इतकी सरळ रेघ काढली नसेल.

बाहेर रुग्णवाहिका लागली होती. निता दारात आराखड्याची सीडी घेऊन उभी होती, पाकिटाचे तोंड अजून उघडे. "हिरवी ठेवा," तो म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिले, आत गेली, आणि थोड्या वेळाने परत येऊन पाकीट त्याच्या हातात दिले. "तुम्ही जाताय बरोबर?" "खूण बघायला कुणीतरी पाहिजे." तो मागे चढला. बेबीबाई समोरच्या बाकड्यावर बसली होती. तिने त्याच्यासाठी जागा सरकवली नाही, पण उठ असेही म्हणाली नाही. गाडी शहराबाहेर पडली. काचेतून पिवळे दिसत होते, मग करडे, मग पुन्हा पिवळे. अंगणांत, रस्त्याकडेच्या खळ्यांवर हळद वाळत पडली होती. कळमनुरीच्या अलीकडे तांड्याकडे वळणारा रस्ता आला आणि गेला. त्या वळणावर आपल्याला काही वाटेल, अशी त्याने तयारी ठेवली होती. वळणावर मंगळवारच्या बाजाराला निघालेली एक बाई डोक्यावर गाठोडे सावरीत उभी होती, एवढेच. सीडीचे पाकीट त्याच्या मांडीवर होते. आत दोन रेघा होत्या, हिरवी आणि तांबडी, आणि आता त्या वाचणारा कुणीही त्यांतली कोणती कुणाची हे पाहू शकणार होता. वसराम डोळे मिटून पडला होता. गाडीच्या हादऱ्याने त्याचे पाय पांघरुणाखाली हलत होते. ते हलणे गाडीचे होते.

वारंगा फाट्याला ट्रकांची रांग लागली होती. चालकाने भोंगा वाजवला, खाली उतरून कुणाला तरी हटकले, परत येऊन बसला. उसाच्या रसाच्या गुऱ्हाळावरची घुंगरे वाजत होती. ओमप्रकाशने घड्याळ पाहिले आणि वसरामचा सदरा वर केला. जांभळी रेघ घामाने जराही फिसकटली नव्हती. त्याने रेघेच्या किंचित वर टाचणी टेकवली. "इथं कळतंय का, काका?" वसरामच्या कपाळावर ती जुनी सुरकुती उमटली, उमटून तिथे थांबली, आणि मग सपाट झाली. "न्हाई," तो म्हणाला. बेबीबाईने मान वर केली. ओमप्रकाशने टाचणी केसभर वर नेली. न्हाई. आणखी वर. न्हाई. पहिल्या रेघेच्या वर बरोबर दोन बोटांवर वसराम म्हणाला, "हितं." ओमप्रकाशने पेनाचे टोपण दातांनी काढले. एक हात त्या उबदार, वर-खाली होणाऱ्या पोटावर ठेवून त्याने दुसरी रेघ ओढली, पहिलीला समांतर, आणि कडेला वेळ लिहिली: २.५०. दोन रेघांमध्ये दोन बोटे जागा होती. पुढचे ट्रक हलले, गाडीने एक हिसका खाल्ला आणि नांदेडच्या रस्त्याला लागली. बेबीबाई बाकड्यावरून खाली सरकली, गुडघ्यांवर बसली, आणि तिने आपला तळवा त्या मधल्या जागेवर ठेवला; तिथे तो आता वसरामला कळणार नव्हता.

"काढली का?" वसरामने विचारले.

"काढली."

"खरी काढली ना?"

"खरी," ओमप्रकाश म्हणाला, आणि चालकाच्या मागची काच तळहाताने ठोठावू लागला, जोरात, पुन्हा पुन्हा, गाडी आणखी पळवण्यासाठी.